थांडेकाबाईंची तार

हूरा, मनामा, बहरीन
४ मार्च १९७९

ती. पप्पांस,
एडनाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. मम्मीला सांगा, मी नीट जेवते. डॉमनिककाका हॉटेलच्या लाँड्रीतून रोज माझ्या रिसेप्शनवर येतात आणि माझा डबा उघडून बघतात.

आमच्याकडे दोन महिन्यांसाठी एक गायिका आल्या आहेत, थांडेकाबाई. दक्षिण आफ्रिकेच्या. गोऱ्यांच्या सरकारविरुद्ध सभेत गायल्या म्हणून सतरा वर्षांपूर्वी, त्या परदेशात असतानाच, त्यांचा पासपोर्ट रद्द झाला. तेव्हापासून आईची भेट नाही. माझ्या पासपोर्टवरही त्या देशात जायला मनाई छापलेली आहे. ती दाखवली तर हसल्या, म्हणाल्या, म्हणजे आपण दोघी एकाच रांगेत.

आता तिकडच्या वकिलाने एक कागद पाठवलाय. मी चुकले, पुन्हा तसली गाणी गाणार नाही, यावर सही केली तर आईला भेटू देतील. बाई तो कागद पर्समध्येच घेऊन फिरतात. मी म्हटले, सही करू नका. काका ओरडले, घरात पहिली बी.ए. झालीस म्हणून जगाची मास्तरीण झालीस का? यल्ला, चल, किल्ल्या सांभाळ.

तुमची लाडकी,
एडना


हूरा
१६ मार्च १९७९

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

काल थांडेकाबाईंना भावाची तार आली. आई गंभीर, ताबडतोब ये. त्यांनी पर्समधून तो कागद काढला आणि माझ्याकडेच पेन मागितले.

पप्पा, आजोबा गेले तेव्हा तुम्हाला गोदीत अशीच तार आली होती ना? गेलेल्या माणसाला आपण तारेत गंभीरच लिहितो, वाटेत धक्का बसू नये म्हणून. तुम्ही काळी फीत लावूनच गाडीत बसला होता. मी बाईंचा हात धरला. सांगितले, आई गेली, तारेत असेच लिहितात. आता सही करून कोणाला भेटणार?

त्यांनी पेन मला परत दिले. मग कागद फाडला. संध्याकाळी गायल्याही. मला त्यांचा अभिमान वाटला, थोडा माझाही. तरी कालपासून एका जागी बसवत नाही. का, ते कळत नाही.

एडना


वसई
२७ मार्च १९७९

चि. एडनास,
पप्पा-मम्मीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र धाकट्या कामिलने मोठ्याने वाचून दाखवले. मम्मीने त्या बाईच्या आईसाठी चर्चमध्ये रविवारची मिस्सा सांगितली आहे. वाडीत केळी बरी आहेत.

एक विचारतो. मी चौथी शिकलेला, चुकले तर हस. तारेत गंभीर लिहायची रीत आपली. त्या मुलखातली माणसेही तसेच लिहितात का? भावाला उलट तार करून विचारलेस का? विचारले असशीलच, तू शिकलेली. डॉमनिकचे ऐकत जा. त्याने तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकला आहे.

तुझा,
पप्पा


हूरा
६ एप्रिल १९७९

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

विचारले नव्हते, पप्पा.

तुमचे पत्र आज आले. दुसरी तार २१ तारखेलाच आली होती. तीत होते, आई आज पहाटे गेली, शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होती. काउंटरवर मी एकटीच होते. डबा बघायला आलेले काका तार वाचून म्हणाले, त्यांच्या लेखी ती गेलीच आहे ना? खलास, ही फाडून टाक, एकाच आईसाठी त्यांना दोनदा कशाला रडवतेस? मी अर्धा तास तार हातात धरून उभी होते.

मग वर जाऊन दिली. चूक माझी, आमच्याकडची रीत अशी, हेही सांगितले. त्यांनी दोन्ही तारांवरच्या तारखा बघितल्या. सहा दिवस, म्हणाल्या. तू बोलली नसतीस तर मी सही केली असती.

मी माफी मागितली. त्यांनी ऐकले की नाही, माहीत नाही. खिडकीकडे बघत म्हणाल्या, आणि सही करून गेल्यावर आईने विचारले असते, त्यांनी तुला कसे येऊ दिले, तर मी काय सांगितले असते? मग माझ्याकडे वळून उत्तराची वाट बघत राहिल्या, जणू मला ते ठाऊक असावे. मला ठाऊक नाही, पप्पा. तुम्हाला सुचले तर लवकर लिहा. बाई इथे अजून तीन आठवडे आहेत.

माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
एडना