साडेतीन फुटांचं टेबल

तळोदा,
मंगळवार

प्रिय हिंमत,

हे पत्र तुला तुझी नात रुचिका वाचून दाखवेल. रुचिका बेटा, आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं तरी थांबू नकोस, त्यांचे कान शाबूत आहेत. फोन तू कानाला लावत नाहीस, म्हणून हा खटाटोप. मागच्या महिन्यात रनाळ्याला आलो तेव्हा तासभर तुझ्या पाठीशी गप्पा मारल्या, दोन कप चहा प्यायलो आणि उठलो. तुझे डोळे गेल्याला दोन वर्षं झाली. अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता भिकुबाई वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हाऊ माणूस खाट सोडत नही. तुम्हनं बी ऐकत नही, मंग कोनं ऐकी?" मग मी त्यांचे आणि रुचिकाचे फोटो काढले आणि बस धरली. तुझ्या डोळ्यांबद्दल सगळेच बोलून थकलेत, तेव्हा मी तुला एका टेबलाची हकीकत सांगतो.

माझा नातू कामरान याने पुण्याहून ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे तीन रोल पाठवले. तिकडच्या पोरांना म्हणे याचं पुन्हा वेड लागलंय. आपलं फोटोचं दुकान बंद झालं तेव्हा गोधडीत गुंडाळून ठेवलेला, फोटो मोठे करायचा एन्लार्जर मी काढला आणि घरामागची जुनी मोरी डार्करूमसाठी धरली. खिडकीला काळा कागद लावला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. तुझी भाभी अख्तरबानो म्हणाली, "मोरी नहाने की है, फोटो की नहीं." तरी झाडून तिनेच दिली. मग टेबलासाठी बाज्या सुताराला बोलावलं. तो शहाणा, मला काही न विचारता आमच्या स्वयंपाकाच्या ओट्याचं माप घेऊन गेला आणि बत्तीस इंचांचं टेबल करून आणलं. त्यावर काम करताना मी पोळ्या लाटतोय असं वाटायचं, आणि अर्ध्या तासात कंबर धरायची.

दुकानातलं आपलं टेबल आठवतं? साडेतीन फूट, तुझ्या मापाचं. तू सहा फुटी, मी सव्वापाच. सव्वीस वर्षं मी साबणाच्या खोक्यावर उभा राहून प्रिंट काढले. कुरकुर केली की तू म्हणायचास, "देवनी तुले उंची कमी दिन्ही, मी खोकं दिन्हं ना!" गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं आणि आपण आत लाल उजेडात हसत बसायचो. मला ते खोकं कधी आवडलं नाही, हे आज सांगतो. हसणं मात्र आवडायचं.

तर बत्तीस इंची टेबलावर पहिला रोल धुतला आणि तो वाया गेला. अंधारात फिल्म चक्रीवर चढवताना तिचे वेढे एकमेकांना चिकटले, निम्मा रोल डागाळला. मी बाज्याला बोलावून त्याच्या ओट्याच्या मापाचा उद्धार केला. टेबलाचं माप माणसाच्या कोपराचं घ्यायचं असतं, हे त्याला समजावलं. खांदे सैल सोडून उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा, आणि कोपराच्या चार बोटं खाली फळी आली पाहिजे. मग मान वाकत नाही आणि खांदेही चढत नाहीत. त्याने माप घेतलं, पायांना जोड दिले, टेबल छत्तीस इंच झालं. तरी मनगट टोचायचंच. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उलगडा झाला. माप दिलं तेव्हा माझ्या पायात इंचभर तळाच्या चपला होत्या, आणि आत तर मी अनवाणी! आपला दुकानातला नियम, चपला दाराबाहेर म्हणजे आत माणूस आहे, दार उघडायचं नाही. मोरीच्या बाहेर बघायला कोणी नाही, तरी मी चपला बाहेरच काढतो. बाज्या डोक्याला हात लावून म्हणाला, "चाचा, तुम्ही चपला घालीसन काम करा ना!" ते काही मला जमणार नव्हतं. त्याने इंचभर पाय कापले.

आता टेबल पस्तीस इंच आहे. खोटं कशाला बोलू, इतकं सुखाचं टेबल मला आयुष्यात मिळालं नव्हतं. कंबर सरळ, खांदे सैल, जणू शिवून घेतलेला सदरा. या टेबलावर दुसरा रोल चढवला. तोही गेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण मी स्वतः बाज्याकडून सरळ करून घेतलं होतं, दोष द्यायला काही उरलं नाही. वर्षभर माझे हात थरथरताहेत, हिंमत. सही करताना थरथरतात, गुंडी लावताना थरथरतात. कोणाला सांगितलं नव्हतं. अख्तरबानो मात्र गेले काही महिने मला कप अर्धाच भरून देते. लाल उजेडात प्रिंट काढणं अजून जमतं. फिल्म चढवणं नाही.

तिसरा रोल कॅमेऱ्यात आहे. त्यात रनाळ्याचे फोटो आहेत, वहिनी आणि रुचिका, आणि दारातून चोरून घेतलेली तुझी पाठ. तो मी चढवला तर वाया जाणार, हे मला स्वच्छ ठाऊक आहे. दुकानात ते काम नेहमी तुझं होतं. फिल्म चढवताना तर लाल दिवाही बंद करावा लागायचा, डोळ्यांचा उपयोग ना तुला होता ना मला. प्रिंट काढणं माझ्याकडे, म्हणून मी ऐटीत म्हणायचो, फिल्म काय, आंधळाही चढवेल. त्या बोलण्याची आता मला लाज वाटते, आणि आता सगळी भिस्तही त्याच्यावरच आहे. परवा बाज्याला दुसरं टेबल करायला सांगितलं, साडेतीन फुटांचं. त्याने विचारलं, "एवढं ऊच? पाय कापी टाकू का?" म्हटलं, हात लावशील तर खबरदार. ते माझ्या टेबलाशेजारी उभं आहे, चक्री आणि फिल्म धुवायची डबी तुझ्या उजव्या हाताला. तुझ्या मुलाला, भाग्येशला, रविवारी सुट्टी आहे, तो तुला गाडीतून आणणार आहे. हे तुला न विचारता ठरवलंय, रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. दोन वर्षं मला तुझी फार आठवण आली. कॅमेऱ्यातून रोल मी काढलेला नाही. रविवारी माझ्या मोरीच्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड दिसले पाहिजेत.

तुझाच,
खोक्यावरून उतरलेला
मुनव्वर