कोरी पट्टी: ठीक

३ मार्च, सोमवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. मोठे संशोधक लिहितात. घाबरलोय म्हणून लिहितोय असं कोणी समजू नये. कोणी वाचणार नाही, तेव्हा कोणी समजायचा प्रश्नही नाही.

घाबरलो आहे. माझा करार ३१ तारखेला संपतो. सहा वर्षं दर वेळी वाढवून मिळाला. आज सर म्हणाले, या महिन्यात काहीतरी ठोस दाखव, मग बघू. सर म्हणजे आमच्या वर्णपट प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांचं ‘बघू’ अजून कानात आहे. डोकं ठणकायला लागलं. बाम लावला.

संकल्प: साडेआठला हजर. फोन कमी. नोंदी काटेकोर.

काम तसं सोपं आहे. शहराच्या पूर्वेकडच्या टाकीतलं पाणी आणायचं, त्याचा थेंब काचेच्या पट्टीवर वाळवायचा, त्यावर लेसर सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढायचा. पाण्यात जे विरघळलेलं असेल ते आलेखावर शिखर होऊन उभं राहतं, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी. सहा वर्षांत टाकीच्या पाण्यात पाण्याशिवाय फारसं काही निघालेलं नाही. यात माझी चूक नाही.

संध्याकाळी ५. नोंदी काटेकोर करायला घेतल्या. दिवसाच्या सुरुवातीला आधी कोरी पट्टी तपासायची असते, म्हणजे थेंब न टाकता नुसती पट्टी, तिच्यावरच काही घाण नाही ना हे बघायला. वीस मिनिटं जातात. आजवर तिच्यावर काहीही निघालेलं नाही. तेव्हा नोंदवहीत ३१ तारखेपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत ‘कोरी पट्टी: ठीक’ असं एकदमच लिहून टाकलं. महिन्याचे सात-आठ तास वाचले. याला नियोजन म्हणतात.

४ मार्च, मंगळवार

पावणेदहाला पोचलो. उद्यापासून साडेआठ.

पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कागद बसवावा लागतो. इतर लोक तो चिमट्याने कसाबसा लावतात. मी अंगठ्याने घोटून घोटून अशी इस्त्री करतो की एक सुरकुती शोधून दाखवावी. हातमोजे घालून हे होत नाही, बोटाला कागद कळत नाही. आमच्या तंत्रज्ञ ताई तीस वर्षं इथे आहेत आणि सगळे त्यांना हातमोजेताई म्हणतात. का, ते त्यांच्यापुढे दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. आजही त्यांनी खोका पुढे केला. आजही मी हसून नको म्हटलं.

सत्तावीस दिवस उरले. बाम.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ३.१०

शिखर आलं. ठेंगणं आहे, पण आहे. पूर्वेच्या टाकीच्या पाण्यात. आमच्याकडे चारशे दूषित पदार्थांची यादी आहे, त्यातल्या एकाशीही जुळत नाही. म्हणजे नवीन.

३.४०. पुन्हा केलं. पुन्हा आलं. आनंद व्हायला हवा होता. बाम लावला.

४.३०. सरांना दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कोरी पट्टी पाहिलीस का. मी नोंदवही पुढे केली. त्यांनी पाहिलं, मान हलवली. इतकंच. तरी माझ्या पाठीला घाम फुटला. खरं काम करणाऱ्या माणसालाच असा घाम फुटतो.

बाम दोनदा.

८ मार्च, शनिवार

विद्यापीठाच्या वृत्तविभागातली बाई आली होती. साप्ताहिकाचं एक पान रिकामं होतं म्हणे. मी अगदी मोजकं बोललो. ‘अज्ञात पदार्थ’ इतकंच म्हणालो. घातक आहे का, असं तिने विचारलं. नाही असं म्हणता येणार नाही, असं मी म्हणालो. हे शास्त्रीय उत्तर आहे. तिने यंत्राशेजारी माझा फोटो काढला. फोटोत मी चिंताक्रांत दिसतो. छान आलाय.

१० मार्च, सोमवार

‘तुमच्या नळाच्या पाण्यात काय आहे?’ असा मथळा. सकाळी साप्ताहिकात, दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर. संध्याकाळी माझ्याच मेव्हण्याने मला तो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘घरच्यांना जपा.’

बायकोने नळाचं पाणी बंद केलं. भाजीसुद्धा बाटलीच्या पाण्याने धुतली. आईने पाणी दोनदा उकळलं, गाळलं, आणि परत एकदा उकळलं. मी दात घासायला तोंडात पाणी घेतलं आणि तसंच थुंकून टाकलं. मला भीती वाटली. मीच शोधलेल्या गोष्टीची मला इतकी भीती वाटावी, यावरून शोध किती मोठा आहे ते कळतं.

११ मार्च, मंगळवार

हातमोजेताईंनी माझ्या बाटलीतलं पाणी घेऊन स्वतः आलेख काढला. शिखर आलं नाही. आलेख सपाट. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

तासभर तो आलेख उलटसुलट करून पाहिला, दोनदा बाम लावला. मग उलगडा झाला. ताई तंत्रज्ञ आहेत, संशोधक नाहीत. काही शिखरं हळवी असतात, त्यांना हात लागतो. मी पुन्हा केलं. आलं. कालच्यापेक्षा उंच.

सरांना ताईंचा आलेख दाखवायची गरज वाटली नाही. खणात ठेवला आहे, अगदी तळाशी, म्हणजे हरवणार नाही.

१२ मार्च, बुधवार

घरच्या नळाचं पाणी आणून तपासलं. शिखर. बायको ज्या बाटलीचं पाणी विश्वासाने पिते त्यातही शिखर. तोंडचं पाणी पळालं. बाटलीचं तिला सांगितलं नाही. एखादा तरी विश्वास माणसाकडे असू द्यावा.

डोकं फुटतंय. नवा बाम आणला, मोठी बाटली.

१४ मार्च, शुक्रवार

पाणीखात्याने पूर्वेची टाकी बंद केली. खबरदारी म्हणून. पाणीखात्याच्या इंजिनिअरने स्वतः येऊन टाकीतल्या पाण्याच्या सहा बाटल्या सीलबंद करून प्रयोगशाळेत ठेवल्या. बारीक, मऊ बोलणारा माणूस. त्याने मला विचारलं, साहेब, नक्की ना? मी म्हणालो, आलेख खोटं बोलत नाही. 

आमचा भाग पूर्वेच्या टाकीवरच आहे. संध्याकाळी गल्लीत टँकर आला. मी गच्चीवरून पाहिलं. रांगेत आई होती, दोन बादल्या घेऊन. मी खाली जाणार होतो, पण लोकांनी मला ओळखलं असतं.

१७ मार्च, सोमवार

आईचं मनगट लचकलं. भरलेली बादली जिन्यात सुटली. बायको माझ्याशी बोलत नाही. मी बादली उचलली असती तर, हे वाक्य तिने पूर्ण केलं नाही, पण मला ऐकू आलं.

आईने चोळायला बाम मागितला. दिला. जपून वापर म्हटलं, मला कामासाठी लागतो. आईने बाटली परत केली. मग म्हणाली, मला नको, तूच लाव, तुझी तब्येत बरी दिसत नाही.

लाज वाटली. हे इथे लिहायला हरकत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज ऊर्ध्वपातित पाणी तपासलं, म्हणजे आमच्याच यंत्रात वाफ करून गोळा केलेलं, ज्यात काहीच नसतं. त्यात शिखर. आजवरचं सगळ्यात उंच.

निष्कर्ष: ते यंत्रही दूषित झालं आहे. हे फार पसरलंय.

दुसरा निष्कर्ष डोक्यात येत होता. त्याला येऊ दिलं नाही.

२० मार्च, गुरुवार

सोमवारी, २४ला, समिती. सर, पाणीखात्याचा इंजिनिअर आणि बाहेरच्या विद्यापीठातले दोन तज्ज्ञ. सगळ्यांसमोर मी प्रयोग करून दाखवायचा. सर म्हणाले, हे नीट पार पडलं तर कराराची काळजी करू नकोस. पार न पडलं तर काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. बाम.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.३०

कधी नव्हे ते लवकर आलो. कोणी नाही. कोरी पट्टी तपासायची ठरवली. गरज आहे म्हणून नव्हे, नुसतं कुतूहल.

७.४५. कागद बसवला, घोटला, पट्टी लावली. यंत्र सुरू.

७.५९. चौदा मिनिटं झाली. पडद्यावर त्याच जागी काहीतरी वर यायला लागलंय असं वाटलं. वीज वाया जात होती, म्हणून यंत्र बंद केलं.

८.१०. विजेची बचत ही आपली सगळ्यांची जबाबदारी आहे.

८.३०. साडेआठला हजर. पहिल्यांदाच. संकल्प पुरा झाला.

२४ मार्च, सोमवार. दुपारी

लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

समितीच्या आधी स्वच्छतागृहात बाम लावला. एकदा कपाळाला, एकदा मानेला, आणि खात्रीसाठी पुन्हा कपाळाला. बाटली कोटाच्या खिशात. आत गेलो तर हातमोजेताई दारातच खोका घेऊन उभ्या. पाहुण्यांसमोर हातमोजे हा नियम आहे म्हणाल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. घालावे लागले.

इंजिनिअरच्या बाटलीचं सील त्याच्यासमोर फोडलं. कागद बसवला. सुरकुत्या पडल्या, हातमोज्यांमुळे. थेंब वाळवला. वीस मिनिटं गेली. आलेख आला. सपाट.

मला वाटलं मी तिथेच कोसळणार. पण तेवढ्यात सुचलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मी समितीला म्हणालो, अभिनंदन, पाणी सुधारलं. टाकी बंद केल्याचा परिणाम.

इंजिनिअर मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, ही बाटली चौदा तारखेची आहे. ती तेव्हापासून तुमच्याच कपाटात होती.”

मग सर म्हणाले, हातमोजे काढ. नेहमी करतोस तसा कागद लाव. थेंब टाकू नकोस.

लावला. माझ्या अंगठ्याला सवय आहे, त्याने आपण होऊन घोटला. शिखर इतकं उंच आलं की पडद्याच्या वर गेलं. तज्ज्ञांपैकी एकाने आलेखाचं माप बदलून घेतलं.

सरांनी नोंदवही उघडली. आजची तारीख: कोरी पट्टी: ठीक. पान उलटलं. पंचवीस, ठीक. सव्वीस, ठीक. ते एकतीसपर्यंत बोट फिरवत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही नुसती मिटून ठेवली.

ताईंनी पट्टी उचलून नाकाशी नेली. मग माझ्या अगदी जवळ येऊन हळूच विचारलं, “डोकं फार दुखतं का हो तुमचं?”

मी खिशातून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी काडीच्या टोकावर एवढासा बाम घेतला आणि आलेख काढला. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. केसभराचा फरक नव्हता.

अठरा दिवस मी माझीच भीती मोजत होतो. जितका घाबरलो तितका बाम, जितका बाम तितकं शिखर, जितकं शिखर तितका घाबरलो. आणि त्यापायी आई बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली. मी ‘हो, माझं चुकलं’ असं मोठ्याने म्हणालो. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. इंजिनिअर फोन लावायला बाहेर गेला.

२६ मार्च, बुधवार

पूर्वेची टाकी सुरू झाली. मी नळ सोडून बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. बायको म्हणाली, बंद कर, वाया जातंय. गेल्या नऊ दिवसांत माझ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

वृत्तविभागाच्या बाईने फोन केला. पुढच्या अंकात खुलासा येणार. मागच्या पानावर, दोन ओळी, हरवलेल्या छत्रीच्या सूचनेखाली. मी म्हणालो, पहिल्या पानावर घ्या, तोच फोटो टाका. ती म्हणाली, पहिल्या पानावर जागा नाही.

३१ मार्च, सोमवार

करार तीन महिन्यांनी वाढला. संशोधक म्हणून नव्हे. ताईंच्या हाताखाली, हातमोजे घालून, माणसांच्या बोटांवर जे जे असतं त्या सगळ्याची यादी करायची: तेल, क्रीम, साबण, शाई. पुढे कोणी असं फसू नये म्हणून. पहिली नोंद आज केली. नमुना क्रमांक एक, बाम. आधी कोरी पट्टी तपासली, पूर्ण वीस मिनिटं. ठीक होती. खरोखर ठीक होती.

डोकं दुखतंय. बाटली प्रयोगशाळेत जमा आहे.

संध्याकाळी ७. घरी आलो तर आई, मनगटाला पट्टी बांधलेली, गॅसवर पाणी उकळत होती. दुसऱ्यांदा. मी म्हणालो, आता उकळू नकोस, पाणी स्वच्छ आहे, तपासलंय. तिने विचारलं, कोणी तपासलं?

मी म्हणालो, मी.

तिने गॅस मोठा केला.