नाक धरून निवडलेली कॉफी

दिल्ला, तिकिम्त ५

चि. ब्रुकताविट हिस,

अस्नाकेच मावशीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी ठीक आहे. तू ठीक आहेस ना, जेवतेस ना, ट्राम चालवताना झोपत नाहीस ना?

तुझं पत्र मिळालं. चुका लाल शाईने दाखवून परत पाठवणार होते, पण शाळेतून निवृत्त झाले तेव्हा लाल शाई तिथेच ठेवून आले. नशीब समज.

कळवायचं ते असं की मी कॉफी सोडली. रक्तदाब वाढलाय, डॉक्टर नको म्हणतात. तेव्हा तिमकतच्या सणाला काय पाठवू म्हणून विचारू नकोस. सण झाला की घर बंद करून राजधानीत, अदिसला, दिरांकडे राहायला जाणार आहे. एकटीने एवढं घर झाडायचं ते कुणासाठी? कॉफीची जेबेना शेजारच्या अदानेचला देऊन टाकीन. मातीचं भांडं, प्रवासात फुटायचंच.

यावर रडारडीचं पत्र लिहू नकोस. शाई पसरते, मग मला वाचता येत नाही.

लोभ आहेच, तो वाढवून काय करायचा?

तुझी,
मावशी


दिल्ला, तिकिम्त १२

प्रिय ब्रुकती हिला,

अदानेचचा स. न. वि. वि. घरी सगळे खुशाल. तुम्हा सगळ्यांची खुशाली देवाकडे मागते. माझं अक्षर तुझ्या मावशीनेच शाळेत घोटून घेतलंय. पाकीट दिसलं तर लगेच ओळखील, म्हणून हे पत्र लांबच्या पोस्टात टाकतेय.

रक्तदाब वगैरे सगळी थाप आहे. पावसाळ्यात अस्नाकेचताईला ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कशाचा म्हणून वास येत नाही. वासाबरोबर चवही गेली. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी, असं माझ्याजवळ एकदाच बोलली. तरी बाई हट्टी! आम्हा शेजारणींना रोजच्यासारखी हाक मारायची, रिवाजाप्रमाणे जमिनीवर ताजं गवत पसरायची, कच्चे दाणे भाजायला बसायची. दाणे कधी उतरवायचे ते वासावरच कळतं. तिला कळेना. कोळसा व्हायचा. आम्ही तो प्यायलो आणि झकास झालीय म्हणालो. काय करणार?

मग एक दिवस माझ्या सासूबाईंना ठसका लागला आणि त्यांनी कप खाली ठेवला. ताईने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आम्ही किती दिवस खोटं बोलतोय ते तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून दार लावून बसलीय. कॉफीच नाही तर जायचं तरी काय निमित्ताने? मी दार वाजवते, ती आतून झोपलेय म्हणून ओरडते.

ती अदिसला गेली की परत यायची नाही. आमची गल्ली पोरकी होईल गं. तू काहीतरी कर, ती तुझंच ऐकते. फक्त मी सांगितलं हे सांगू नकोस, मला अजून तिची भीती वाटते.

तुझी,
अदानेच


फुटस्क्रे, मेलबर्न, १२ नोव्हेंबर

प्रिय अदानेचताई,

सा. न. तुझं पत्र ट्रामच्या डेपोत वाचलं आणि युनिफॉर्मची बाही भिजेपर्यंत रडले. मावशीला सांगू नकोस.

इथे कॉलिंगवूडला कॉफी भाजणाऱ्यांचं एक दुकान आहे. लोक तिथे चर्चमध्ये आल्यासारखे हळू बोलतात. मी मात्र काउंटरवरच्या कॅलमला मोठ्यांदा सांगितलं की भेट द्यायची आहे, पण घेणाऱ्या बाईला वास येत नाही. वाटलं, हसेल. हसला नाही. त्याने चाखायच्या वाट्या मांडल्या आणि म्हणाला की नाक चिमटीत धरून पी, म्हणजे तुझ्या मावशीला काय मिळतं ते तुला कळेल.

ताई, मी नाक धरलं आणि घाबरले. एक वाटी, दुसरी वाटी, सगळ्यांत तेच कडू गरम पाणी. मावशी कोंडून घेऊन का बसली ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. शेवटी त्याने एक फिकट, चहासारखी दिसणारी वाटी पुढे केली. घोट घेतला आणि जिभेच्या कडा एकदम जाग्या झाल्या. आंबट! आणि त्याच्यामागून गोड. नाक अजून चिमटीतच होतं! मी वेड्यासारखी कॅलमकडे बघत राहिले. तो म्हणाला की आंबट-गोड हे जिभेचं काम, त्याला नाक लागत नाही. कॉफी जास्त भाजली की ते जळून जातं, म्हणून ही जेमतेम भाजलीय.

पाकिटावर लिहिलंय की हे एकाच डोंगरावरचं, थोडंसंच आलेलं पीक आहे. डोंगर कोचेरेचा. म्हणजे आपला! आपल्याकडचं उत्तम ते जहाजात बसून जगभर जातं हे लहानपणापासून ऐकत होते, चाखलं मात्र इतक्या लांब येऊन. मी ते पाकीट छातीशी धरून घरी आणलं.

तुझा भाऊ गेतनेत इथून सणाला तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. एकच काळजी आहे. दाणे इतके फिके आहेत की मावशी ते कच्चे समजून तव्यावर टाकील. तेवढं सांभाळ.

तुझी,
ब्रुकती


फुटस्क्रे, २ जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. मी बरी आहे, जेवते, झोपते, आणि ट्राम रुळांवरून चालते, तेव्हा काळजी नको.

कॉफी सोडलीस ते वाचलं. सोबतची तुझ्यासाठी नाही, सणाला येणाऱ्यांसाठी आहे. ती भाजलेली आहे. दिसत नसली तरी भाजलेली आहे. आहे तशी कूट आणि उकळ. एवढं एकदा माझं ऐक.

तुझीच,
ब्रुकताविट


दिल्ला, तिर १४

चि. ब्रुकताविट हिस,

आशीर्वाद मागाहून, आधी भांडण.

पाकीट उघडलं तर दाणे भाजलेल्या जवासारखे पिवळट. म्हटलं, आमच्या पोरीला दुकानदाराने चांगलीच टोपी घातली. तुझी चिठ्ठी वाचली होती, पण एवढ्या चुका करणाऱ्या मुलीच्या मजकुरावर कोण विश्वास ठेवील? अर्धे दाणे तव्यावर टाकले. तेवढ्यात अदानेच धावत आली आणि शालीने धरून तापलेला तवाच ओढून घेतला. हिला कसं ठाऊक, असं विचारलं तर जमिनीकडे बघायला लागली. मग सगळं बाहेर आलं. माझ्या नाकाची बातमी समुद्रापलीकडे पाठवली म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले. तव्यातल्या दाण्यांचा तोवर कोळसा झालाच होता. उरलेले दाणे टाकाऊच आहेत हे तिला दाखवून देण्यासाठी मी ते कुटले, उकळले आणि बिनसाखरेचा कप तिच्यासमोर तोंडाला लावला.

ब्रुकती, ती कॉफी नव्हती गं. ते फळ होतं. मी आणि तुझी आई लहान असताना बाबांच्या झाडांखाली लाल फळं तोंडात टाकायचो, रस चोखायचो आणि बिया टोपलीत थुंकायचो. तोच रस, तसाच, जिभेवर. जन्मभर मी कॉफी भाजली आणि मला वाटायचं की आगीत फळ संपतं. ते दाण्यात बसून होतं. आग लागली, समुद्र ओलांडला, परत आलं, तरी बसून होतं. मी गरम कप गालाला लावून बसले. अदानेचला वाटलं मला परत ताप भरला. तिसरा कप आशीर्वादाचा, तोच चोथा पुन्हा उकळलेला, अगदी पातळ, त्यातही ते होतं. मी उठून उभी राहिले. का, ते विचारू नकोस. बसून पिणं बरं वाटेना.

नाक आलेलं नाही. येईल असं कुणी म्हणतही नाही. पण काल मी गवत पसरलं आणि सगळ्यांना हाक मारली. वास येत नाही, आता मला फसवायचं नाही आणि मीही फसवणार नाही, असं सरळ सांगितलं. आपलीच रोजची कॉफी भाजायला घेतली. अदानेच शेजारी बसली, तिने हूं म्हटलं तेव्हा तवा उतरवला. मग रिवाजाप्रमाणे धुराचा तवा एकेकीच्या नाकापुढे नेला आणि म्हटलं की काय वास येतोय ते मला सांगा.

एक म्हणाली, बाळंतपणाला आईकडे गेले होते त्या खोलीचा. अदानेच म्हणाली की बाईंच्या, म्हणजे माझ्या वर्गाचा, कारण मी कॉफी पिऊन शिकवायला यायची. तिच्या सासूबाईंनी धूर दोनदा ओढून घेतला. मग म्हणाल्या की नवरा डोंगरावरून उतरून यायचा तेव्हा त्याच्या कोटाला हाच वास असायचा. इतकी वर्षं मी या बायकांपुढून हा तवा फिरवतेय. सगळ्यांना एकच वास वाटून देतेय असं समजत होते. मी तवा हातात धरून तशीच उभी राहिले, हाताला चटका बसेपर्यंत.

दिरांना कळवलंय की खोली दुसऱ्याला द्या. काल चौघीच आल्या होत्या, गल्लीतल्या बाकीच्यांना कसला वास येतो ते विचारायचं राहिलंय.

आता आशीर्वाद. पोटभर घे.

तुझी,
अस्नाकेच मावशी