रेडिएटरमधली हळद

हिमायतनगर,
रविवार, १९ मे २०२४

चिरंजीव आदिनाथ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ऊन मी म्हणतंय. दीपालीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, तिळाचं तेल कोमट करून चोळत जा, नुसत्या गोळ्या गिळू नकोस.

पत्र कशाला, फोन होता की, असं म्हणशील. फोनवर मी रडते आणि तू जिंकतोस. म्हणून पत्र.

मंगळवारी तू चाकूरला रजिस्ट्री ऑफिसात पाच वाजेपर्यंत बसून राहिलास. आपली धाकटी मंजुषा अप्पांच्या शेतातल्या तिच्या हिश्श्याचा हक्क सोडल्याची सही करणार होती आणि मी तिला घेऊन येणार होते. आम्ही आलो नाही. तेव्हापासून तुझे सात फोन आले. प्रत्येक वेळी मी "गाडी गरम झाली" एवढंच सांगितलं. ते खरंच आहे, पण सगळं नाही.

नांदेडहून मंजुषाला घेऊन मी सकाळी आठला निघाले. गाडी अर्थात अप्पांची जीप. गेल्या दिवाळीत मी माझा हक्क सोडला, त्याच संध्याकाळी तू तिला हार घालून मला दिलीस. "अप्पांची आठवण तुझ्याकडं राहू दे, अक्का. फोर बाय फोर हाय, शेतातल्या आखाड्यावर चिखलात कामाला येईल," म्हणालास. चार पाहुण्यांसमोर मला भरून आलं होतं.

लोहा मागं पडलं. इंजिनाच्या गरमीचा काटा थंडावर. तो नेहमी थंडावरच असतो, याचं मला केवढं कौतुक! मंजुषाला दाखवून म्हटलंसुद्धा, "बघ, एवढ्या उन्हात चाळीस वर्षांची गाडी, पण तापत नाही." पुढं चढ लागला आणि फोडणी करपल्यासारखा वास आला. मग बोनेटमधून वाफ.

गाडी कडेला घेतली. चार माणसं जमली. एक म्हणे रेडिएटरचं टोपण उघडा. दुसरा बाटली घेऊन इंजिनावर पाणी ओतायला निघाला. मी दोघांनाही हाकललं. तापलेलं टोपण उघडलं की तोंड भाजतं आणि तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की हेड तडकतं, हे अप्पांनी तुला आणि मला एकाच दिवशी शिकवलं होतं. तू विसरला असशील असं मला वाटत नाही.

ट्रॅक्टरला बांधून गाडी माळाकोळीला नेली. तिथे चंद्रप्पा नावाचे म्हातारे मिस्तरी भेटले. इंजिन निवल्यावर त्यांनी टोपणावर ओलं पोतं टाकून ते हळूहळू फिरवलं, मग खालचा पाइप सोडला. आदिनाथ, त्यातून पाणी आलं नाही. पिवळं-तपकिरी, बुळबुळीत असं काहीतरी घसरत आलं, पातळ पिठल्यासारखं. त्यात गंजाचे पापुद्रे. आणि वास! मंजुषा पदर नाकाला लावून लांब गेली. माझ्या हातावर उडालं. पाच दिवस साबण लावतेय, तरी वास गेल्यासारखा वाटत नाही. परवा घरात पिठलं झालं तर मी ताटावरून उठले.

"बाई, हे रेडिएटर हाय का कालवणाचं पातेलं?" मिस्तरी म्हणाले. "गळती बुजवायला कुणीतरी हळद टाकली. चिमूटभर न्हाई, वाटीनं टाकली. गळती बुजली, पर नळ्याबी बुजल्या. पाणी फिरावं कुठून?"

मी म्हटलं, "पण काटा तर थंडावर होता."

त्यांनी वाकून आत हात घातला आणि हसले. "काटा हलंलच कसा? वायर तोडून ठेवलीय. आन हे मिस्तरीचं काम न्हाई बरं का, घरच्या माणसाचं हाय."

वायरच्या तुटक्या टोकाला जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती. सायकलच्या ट्यूबला तीच, अप्पांच्या चष्म्याला तीच, रेडिओच्या दांडीला तीच. तू लहानपणापासून दुसरं काही वापरलं नाहीस. मंजुषानंही ती पट्टी ओळखली. मला शिसारी आली. आणि हळद! तुझ्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची हळद येते? दर वर्षी आमच्या शेतातली, मी स्वतः दळून पाठवते ती.

नको असलेली गाडी भंगारात घालायची होतीस. हार घालून, अप्पांचं नाव घेऊन बहिणीच्या गळ्यात का बांधलीस? तुला काहीच कसं वाटलं नाही?

आता जे फोनवर सांगितलं नाही, ते लिहिते. मिस्तरींनी रेडिएटर उतरवून धुतलं, गळती झाळ देऊन बंद केली, नवं कूलंट भरलं, वायर जोडली. अडीच वाजता गाडी तयार होती. चाकूर तिथून तासाभरावर. तेव्हाच तुझा फोन आला आणि मी म्हणाले, "अजून बोनेट उघडंच आहे." मी खोटं बोलले.

कारण फोनच्या आधी मंजुषानं मला विचारलं होतं, "अक्का, तुला ठाऊक होतं?"

होतं रे. वायरचं नव्हतं, हळदीचं होतं. दिवाळीनंतर आठच दिवसांत बंपरवर पिवळे ओघळ दिसले होते. मी बोट लावून वास घेतला, समजले, आणि ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. घरच्यांना दिसू नये म्हणून. माझ्या भावानं मला फसवलं, हे सासरी कळू नये म्हणून. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण गेला महिनाभर मी मंजुषाच्या मागं लागले होते, "कर सही, आदिनाथ बहिणीला रिकाम्या हातानं पाठवत नाही, मला बघ गाडी दिली." तुझी किळस येते, हे खरं. पण त्या फडक्याची आठवण झाली की माझी जास्त येते.

मिस्तरींनी बजावलं होतं, "नळ्या अजून पुऱ्या मोकळ्या न्हाईत. काटा वर चढला तर हीटर लावा. गर्मी तुमच्या अंगावर येईल, पर इंजन वाचंल." गाडी मी नांदेडकडे वळवली. लोह्याच्या अलीकडे काटा चढला. मे महिन्यात, भर उन्हात, आम्ही दोघी हीटर लावून, काचा खाली करून घामानं निथळत होतो. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू पुसलंस म्हणून मी फसणार होते, अक्का." नांदेड येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. दारात उतरताना मात्र म्हणाली, "उद्या माझ्यासोबत वकिलाकडं चल."

मी गेले.

मंजुषा सही करणार नाही. तिचा वाटणीचा अर्ज तहसिलीत गेला आहे, नोटीस येईल. अर्जासोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. मला काय सांगून, काय देऊन राजी केलंस, ते त्यात हळदीसकट लिहिलंय. दीपालीला माझा नमस्कार सांग.

तुझा कागद न वाचता,
आणि तिचा दोनदा वाचून सही केलेली,
अक्का