माझ्याच अक्षरातलं पाकीट

माय,

काल ऑफिसातला क्लार्क माझ्यावर चांगलाच वैतागला. नर्सबाईंच्या जागा भरायच्या आहेत, ढीगभर अर्ज आलेत आणि साहेबांनी ते छाननीला माझ्या टेबलावर आणून टाकलेत. प्रत्येक अर्जाला एक पाकीट टाचलेलं असतं. त्यावर तिकीट लावलेलं आणि मुलीनं स्वतःच्या हातानं स्वतःचाच पत्ता घातलेला. मुलाखतीचं बोलावणं त्याच पाकिटात घालून धाडायचं, म्हणजे खात्याचं तिकीट वाचतं आणि पत्ता चुकला तर बोल मुलीवरच जातो. सरकारची अक्कल कधी चालली तर अशीच चालते. मी क्लार्कला म्हटलं, प्रत्येक पाकिटावर पत्त्याच्या शेजारी खात्याचा गोल शिक्का मारा, ठसठशीत. तो म्हणाला, "काहून मॅडम? आतल्या कागदावर हाये ना शिक्का. वरून मारून काय फायदा?" मी म्हटलं, "मारा म्हटलं ना." त्याचा शेवटचा शिक्का होईपर्यंत मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. माझ्यामागे तो नक्कीच म्हणाला असेल की बाईचं डोकं फिरलं आहे. त्याला कारण सांगितलं नाही. ते तुलाच सांगायला हवं, आणि तुला जाऊन वीस वर्षं होत आली.

आज रविवार आहे. प्रताप नगरातल्या माझ्या दोन खोल्यांत दुपारी कुणी येत नाही, तसं इतर दिवशीही येत नाही. मला पत्र येतं ते खात्याचंच. म्हणून मीच लिहायला बसले आहे, शाळेच्या भाषेत. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "लय शुद्ध बोलून राहिली वं, सायबीण झाली काय?"

इंदोऱ्यातली आपली खोली आठवते. तू दारात बसलेली आहेस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. तोंडानं माझ्याशी बोलत असतेस आणि हात आपले चालूच. कारखान्यात मुकादम प्रत्येकीचे बिड्यांचे कट्टे उलटेपालटे करून बघायचा आणि नापसंत ते तिच्याच पदरात परत टाकायचा. त्याला तुम्ही छाट म्हणत होता. छाट घेऊन घरी येणारी बाई त्या दिवशी कुणाशी बोलत नसे. तुला अक्षरओळख नव्हती, पण बिडी बघून ती कुणाच्या हातची ते तू सांगायचीस. ही मागच्या गल्लीतल्या म्हातारीची, ही तिच्या नव्या सुनेची, बघ कशी दोऱ्याचा गळा आवळते. एकदा वाण्यानं दिलेल्या जिऱ्याच्या पुडीचा कागद तू उलगडलास आणि वाण्याशी भांडायला निघालीस, "हे तं आमच्या पोरीचं अक्षर हाये, तुझ्याकडे कसं आलं?" रद्दीत गेलेली माझी चौथीची वही होती ती. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण माझा हात तुला बरोबर कळला. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं.

नर्स-दाईचं शिक्षण संपवून मी घरी आले आणि पेपरात जाहिरात आली. होस्टेलातली माझी मैत्रीण अर्ज भरायला म्हणून आपल्याकडे राहायला आली होती. दोघी चटईवर कागद पसरून बसलो होतो. तू बिड्या वळता वळता बघत होतीस. मी पाकीट घेऊन पत्ता लिहू लागले.

"काय लिहून राहिली वं?"

"पत्ता."

"कोणाचा?"

"आपला."

"आपलाच? म्हणजे आपणच आपल्याले पत्र धाडून राहिलो का?" आणि तू खळखळून हसलीस. "काहून, साहेबाले लिहिता येत नाही काय?"

मैत्रीणही हसली. मी मान वर न करता म्हटलं, "तुले त्यातलं काही समजत नाही माय. तू आपल्या बिड्या वळ."

"बरं बाई," तू म्हणालीस आणि सुपाकडे वळलीस. पुढे त्या पाकिटाचं नाव काढलं नाहीस. नोकरीविषयी मात्र सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंस, "पोरीची ऑर्डर आली का मी हे सूप भिंतीले टांगून देईन." तुझा खोकला तेव्हाच सुरू झालेला होता. तंबाखूची धूळ छातीत बसते हे मी पुस्तकात शिकून आले होते, म्हणून मला त्या ऑर्डरची घाई होती. माझ्यापेक्षा तुझ्यासाठी जास्त, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग वाट पाहणं. मी इतवारीतल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सुया द्यायला जात होते. गुरुवारी दवाखाना बंद, त्या दिवशी मी घरी. दुपारी पोस्टमन गल्लीत वळला की तू बसल्या जागेवरून मोठ्यानं विचारायचीस, "आमच्या पोरीचं काही आलं का गा?" तो मान हलवायचा. त्या मान हलवण्याची मला इतकी सवय झाली की तो कोपऱ्यावर दिसला की मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसायचे. बाई, वाट पाहताना माणूस किती एकटं पडतं! तू चार हातांवर होतीस, तरी मला तुझ्याजवळ येऊन बसावंसं वाटेना.

एके दिवशी मैत्रिणीचं कार्ड आलं. ते तू लगेच माझ्या हातात दिलंस. तिनं लिहिलं होतं, 'मुलाखत झाली, तू का आली नाहीस? तुझं नाव यादीत होतं, पुकारलंसुद्धा.' मला काही उलगडेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारावं, म्हणून शाळेचा दाखला काढायला पेटी उघडली. तू नळावर पाण्याला गेली होतीस. पेटीच्या तळाशी, दीक्षेच्या दिवशी नेसलेलं तुझं पांढरं लुगडं होतं, घरातली सगळ्यांत जपलेली वस्तू. त्याच्या घडीत पाकीट. माझ्याच अक्षरातलं. बंद. गोंद कच्चाच होता, नखानं सुटला. आत अर्धा कागद टाइप केलेला, सोमवारी अकरा वाजता मूळ दाखल्यांसह हजर राहावे. तो सोमवार जाऊन आठवडा झाला होता.

मी कागद काढून घेतला. मग काय केलं ते ऐक. डेचकीतली भाताची दोन शितं घेतली, रिकामं पाकीट पुन्हा चिकटवलं आणि होतं तसं घडीत ठेवून दिलं. तू डोक्यावर हंडा घेऊन आत आलीस तेव्हा मी पेटीवर बसले होते. तुला ओरडून विचारायचं होतं, आणि विचारलं नाही. मनात म्हटलं, बघू, ही आपण होऊन कधी सांगते. ऑफिसातल्या बाबूनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "गेली ना बाई तारीख. आता पुढल्या भरतीले या." तेही तुला सांगितलं नाही.

पुढची भरती निघायला वर्ष गेलं. त्या वर्षभर मी तुझ्या तोंडून एक वाक्य निघायची वाट पाहिली, सरकारी कागदाची पाहिली नव्हती इतकी. तू तर दर गुरुवारी पोस्टमनला तसंच विचारत होतीस, "आमच्या पोरीचं काही आलं का गा?" आणि तो तशीच मान हलवत होता. मला वाटायचं, केवढं हे नाटक! हरवलं म्हण, विसरले म्हण, काहीतरी म्हण. मी तुझ्याशी कामापुरतं बोलू लागले. तू मात्र त्या वर्षी माझ्यासाठी अंड्याची भाजी करायचीस, स्वतःसाठी रस्सा ठेवायचीस. एकदा माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणालीस, "पहिल्या पहिल्यानं छाट निघतेच वं. हात बसला का मंग नाही निघत." मी समजले, बिड्यांविषयी बोलते आहे. म्हटलं, "झोपू दे मले."

दुसऱ्यांदा अर्ज भरला तेव्हा मी पाकिटावर दवाखान्याचा पत्ता घातला. तू जवळ बसून बघत होतीस. मग विचारलंस, "घरचा पत्ता काहून नाही देला?" तुला वाचता येत नव्हतं तरी पत्त्याच्या ओळी किती आणि कशा असतात ते तुझ्या ध्यानात राहिलं होतं. "तिथं लवकर येते," मी म्हटलं. ऑर्डर आली, हिंगण्याच्या पुढच्या गावात नेमणूक झाली. तू खरोखरच सूप भिंतीला टांगलंस. पण माझ्यासोबत आली नाहीस, गल्ली सोडवत नाही म्हणालीस. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोन वर्षंही तुला ते रिकामे हात मिळाले नाहीत. शेवटच्या दुखण्यात पांघरुणावर तुझी बोटं आपली बिड्या वळत होती.

तेच पांढरं लुगडं तुला शेवटचं नेसवायला काढलं. घडीतून पाकीट खाली पडलं, माझी शितं तशीच घट्ट. ते मी कमरेला खोचलं. तुझ्या जलदानाच्या विधीला पोस्टमन आला, तोही आता थकला होता. जरा बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्या मायनं मले शप्पथ घातली होती. आता ते गेली, तं सांगतो. तुमचं एक पत्र आलतं. मी तिच्या हातात देलं. ते पाहतच राहिली. म्हणे, भाऊ, हे तं तिच्याच हातचं अक्षर हाये, तिचा फारम परत धाडला गा त्याईनं, छाट झाला. तिले नको सांगू, लय रडन ते. मी म्हटलं, फोडून तं पाहू. तं म्हणे, छाट फोडून काय पाहा लागते? आपल्या हातचं आपल्या पदरात परत आलं, समजा लागते." मग त्यानं विचारलं, "फारमच होता ना बाई त्यात?"

"हो, फॉर्मच होता," मी म्हटलं. त्याला म्हातारपणी कशाला टोचणी लावायची! तुझ्या बाजूनं मी बोललेलं ते पहिलं वाक्य असेल, आणि तेही खोटं.

म्हणजे दर गुरुवारचं ते विचारणं माझ्यासाठी होतं. अंड्याची भाजी, तेल, हात बसण्याचं ते बोलणं, सगळं. माझा अर्ज छाट झाला असं तू समजलीस आणि मला ते कळू नये, एवढ्यासाठी तू वर्षभर एकटी ते पोटात घेऊन बसलीस. आणि मी तुझ्यासमोर बसून तुझ्यावर डूख धरला. एका खोलीत राहून आपण दोघी एकमेकींच्या निरोपाची वाट पाहत होतो. त्या वर्षात तू किती तंबाखू श्वासात घेतलीस याचा विचार मी करायचा नाही असं ठरवते, आणि खेड्यात एखादी बाई खोकताना ऐकली की तोच करते.

आता एक कबूल करते. त्या दिवशी तू पाकिटाचं विचारलंस तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं असं नाही. मैत्रीण हसली आणि मला तुझी लाज वाटली. तिचे वडील मास्तर होते. म्हणून तुला गप्प केलं. खरं उत्तर एवढंसंच होतं: नाही वं माय, हे पाकीट त्याईच्याकडे जाते, आणि माझ्याच अक्षरात परत आलं का समजजो बोलावणं आलं, छाट नाही. एवढं बोलायला पाकिटावर तिकीट चिकटवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता.

ते पाकीट अजून माझ्याजवळ आहे. जुनी शितं सोडवून हे कागद त्याच्यातच घालते आहे, वर आपला इंदोऱ्याचा पत्ता आहे तोच. शितं लावून बंद करावं म्हटलं, तर एकटीपुरता भात मी रविवारी लावत नाही. राहू दे. अक्षर माझंच आहे म्हणून तू पुन्हा छाट समजशील. पाकीट उघडंच ठेवते.