बाजूची घंटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
थोरल्याचे आशीर्वाद, मापात न मोजता.

तुमची जुनी गाडी मी तुम्हाला फुकट दिली असं तू सगळ्यांना सांगत असतेस. आज तिची खरी किंमत लिहितो. धडक खाल्लेल्या दोन गाड्या. एकीचं तोंड घेतलं, दुसरीची शेपटी. माझ्या करंगळीचं नख, ते पुन्हा धड उगवलंच नाही. एक चांगला पाना, जो तिच्या पोटात कुठेतरी पडला आणि अजून वळणावर खडखडतो. आणि तुझ्या वहिनीचा अबोला, अख्खा उन्हाळाभर. तेव्हा फुकट हा शब्द जरा जपून वापर.

ती गाडी अजून आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. मागच्या खेपेला तुझे डॉक्टर अंगणात वळत होते तेव्हाच मी आतून ओरडून सांगितलं होतं की डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. डॉक्टर हसले. म्हणाले, गाय न बघता रोग सांगणारा मी अजून पाहिला नाही. आठवड्यात चाक अडकलं तेव्हा हसू थांबलं. माझी रीत तुला माहीत आहे: डोळे मिटायचे, हनुवटी छातीला टेकवायची आणि ऐकायचं. डोळे उघडे ठेवले की माणूस रंगाला भुलतो. शाळेने मला चौथीत नारळ दिला. गॅरेज उभं राहिलं ते या दोन कानांवर. गाडीत काही वाजलं आणि ते मला ऐकू आलं नाही, असं आजवर झालेलं नाही.

मग फोनवर हे नव्या गाडीचं काय खूळ? चहूबाजूंनी कॅमेरे, आपोआप लागणारा ब्रेक, बटणावर सुरू होणारं इंजिन! गोठ्यावर पोचायच्या आधी जनावराचं हंबरणं ऐकू आलं पाहिजे म्हणून ज्या माणसाने गाडीत रेडिओ बसवू दिला नाही, त्याला या वयात हे डोहाळे कसे लागले? मी विचारलं तर तू म्हणालीस, गॅसवर पाणी उकळतंय, ठेवते. तू पाणी ठेवलंस की गुणगुणतेस. त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात चिडीचूप होतं. काय झाकतेस ते लिही.

लोभ आहेच, तो गाडीच्या कंपनीवर अवलंबून नाही.
तुझा
दादा


१३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझ्या कानांपासून काही लपत नाही म्हणतात ते खरं. फोनवर बोलता येत नाही रे, हे शेजारीच बसलेले असतात. पत्राचं तसं नाही. तुझं पत्र मीच वाचून दाखवते, आणि त्यातलं हवं तेवढंच वाचते. ह्यावरून तुला काय ते समजलं असेल.

ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. ताटातली वाटी दिसते, ताटाबाहेरचा पेला दिसत नाही. हात लागून रोज एक तरी सांडतो आणि रोज मी म्हणते की मीच चुकीच्या जागी ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकावं म्हणून थेंब घालायचे, आणि गाडी आजपासून बंद. हे मान डोलावत होते. बाहेर आलो, आणि गाडी ह्यांनीच चालवत घरी आणली. मी शेजारी बसले होते. मागच्या आठवड्यात एका गोठ्याच्या फाटकाला घासली. घरी येऊन म्हणाले, फाटक आडवं आलं.

माणसं दवाखान्यात येतात, दादा; अडलेली गाय येत नाही. तिच्याकडेच जावं लागतं, आणि आपल्याकडचे गोठे असे विखुरलेले की बस अर्ध्या वाटेत सोडून देते. गाडी सुटली की ह्यांचं काम सुटलं. रिकामा बसलेला हा माणूस मी लग्नापासून पाहिलेला नाही, आणि मला पाहायचा नाही. मला चालवता येत असतं तर प्रश्न नव्हता. पण मला शिकवणारा तू होतास, आणि आपल्या कुंपणाची भिंत तेव्हापासून वाकडी आहे.

त्या नव्या गाडीचं माहितीपत्रक ह्यांनी भिंग लावून वाचलं, एकेक ओळ. आरशात न दिसणारं वाहन आलं की म्हणे बाजूची घंटी वाजते. मला म्हणाले, बघ, मला समोरचं दिसतं, गाडीला बाजूचं दिसतं, दोघं मिळून एक धड जनावर होतो. आणि हसले. मलाही हसावं लागलं.

माझं नको म्हणजे बायकोची भीती. तुझं नको म्हणजे मिस्त्रीचं मत. तेव्हा तू जाऊन ती गाडी नीट बघ आणि काय ते खरं कळव. मनातून मला काय हवंय ते मात्र विचारू नकोस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
धाकटी


२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद, या वेळी जरा जडच.

तुझं पत्र खिशात घालून तीन शोरूम फिरलो. हे पत्र डॉक्टरांना सबंध वाचून दाखव. गाळू नकोस.

आधी नको ते सांगतो. बटणावर सुरू होणारं इंजिन म्हणजे निव्वळ चोचले. चावी फिरवून कुणाचं मनगट झिजल्याचं मी ऐकलेलं नाही. गाडी रस्त्यावरच्या पट्ट्यांमध्ये आपोआप राहते, हे कौतुक खरं आहे. चाक असं हलकेच ओढून घेते, जशी आई चारचौघांत मांडीला चिमटा काढायची. पण त्याला पट्टे लागतात. तुमच्या गोठ्यांच्या वाटांवर पट्टे कोण मारून ठेवणार, गायी?

कॅमेरे पाहून मात्र मी गारच झालो. पडद्यावर आपलीच गाडी वरून दिसते, घारीला दिसावी तशी. मी म्हटलं, डॉक्टरांचं काम झालं. मग त्या विकणाऱ्या मुलीला म्हटलं, बाई, जरा मागच्या कच्च्या रस्त्याने घेऊ. एक डबकं ओलांडलं आणि घार आंधळी झाली. पडदाभर चिखल. ती म्हणाली, काका, फडक्याने पुसायचं. म्हटलं, दर डबक्याला डोळे पुसणारी आमच्या घरात आधीच एक आहे, आमची धाकटी, तिच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये सापडेल. ती हसली, पण मला त्या चिखलाचं हसू येईना.

आपोआप ब्रेकचं सांगतो. मोकळ्या जागेत खोकं उभं करून त्याच्यावर गाडी घातली. वीतभर अलीकडे थांबली, आणि अशी थांबली की माझी कवळी तोंडात जागा सोडून गेली. सरळ समोरून येणाऱ्याला ती वाचवील. पण डॉक्टरांना समोरचं दिसतंच! आडवं येणारं तिला उशिरा कळतं. म्हणजे जिथे यांना गरज नाही तिथे गाडी हुशार.

राहिली बाजूची घंटी. ती मुळातच बंद आहे. बाजूने दुचाकी गेली, आरशातला केशरी दिवा लागला, घंटी मुकी. तीनदा बघितलं. मी डोळे मिटून, हनुवटी टेकवून ऐकलं. इंजिनाच्या पट्ट्याची कुरकुर ऐकू आली, सीटखालचा एक सैल बोल्ट ऐकू आला, घंटी नाही. त्या मुलीला झापलं की बिघडलेला माल दाखवता काय. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, बरं काका, दाखवून घेते.

आता माझं मत. एकट्या डॉक्टरांच्या हातात ही गाडी देऊ नये. पण मी गॅरेज आता मुलीच्या हवाली केलं आहे आणि घरात तुझ्या वहिनीच्या पायात पायात येतो. तेव्हा मी तुमच्याकडे राहायला येतो. डॉक्टरांनी चालवायचं, मी शेजारी बसायचं. घंटी वाजली की मी सांगायचं, डावं की उजवं. त्यांचे समोरचे डोळे, माझे कान. डोळ्यांच्या बाईंचं म्हणणं मी विसरलेलो नाही, पण त्यांनी माझे कान धरले नव्हते हिशेबात. घंटी दुरुस्त झाली की एक दिवसासाठी तीच गाडी मागून आणतो. तुमच्या मागच्या वाटेला रहदारी नसते. करून बघू.

कळावे. एक पलंग झाडून ठेव आणि मनातही थोडी जागा असू दे.
तुझा
दादा


१९ मार्च

तीर्थरूप दादास,
धाकटीचा नमस्कार.

नीट पोचलास असा वहिनीचा फोन आला. तू स्वतः बोलला नाहीस. इथून निघतानाही बोलला नव्हतास, म्हणून हे पत्र.

आधी आपल्या गाडीचा धक्का लागलेल्या अंडीवाल्या बाईंचं सांगते. पोटरी सोलली आहे, हाड शाबूत. सायकलचं चाक वाकलं ते ह्यांनी करून दिलं. अंड्यांचं काय, ती रस्ताभर होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्यांनी त्यांच्या कोंबड्यांचा रोग आटोक्यात आणला होता ना, म्हणून त्याच उलट ह्यांना धीर देत होत्या, की डॉक्टर, मीच मध्ये आले. ह्यांनी इतकंच म्हटलं, नाही, तुम्ही बाजूने आलात.

त्या दिवशी तूही गाडीत होतास. मी मागे बसले होते म्हणून मला जसं दिसलं तसं लिहिते. तू मान खाली घालून ऐकत होतास. घंटी दुरुस्त झालेली दिसली, चांगली खणखणीत वाजत होती. फाटकाजवळ आलो तेव्हापासूनच वाजत होती. मला वाटलं, तू आता बोलशील. ह्यांनाही तसंच वाटलं. तू बोलेनास तेव्हा ह्यांनी धरलं की काही जवळ नाही, उगाच वाजतेय. आणि वळवली. मग गाडीने आपोआप ब्रेक मारला तो बाईंना धक्का बसल्यावर.

ह्यांनी तिथेच बटण दाबून गाडी बंद केली आणि सवयीने चावी काढायला हात खाली नेला. तुला द्यायची असणार. पण तिथे चावी कुठे होती? हात तसाच स्टिअरिंगखाली चाचपडत राहिला. दादा, बाकी सगळं मी विसरेन.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी औषधांची पेटी पुसून तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवली. आता ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, भिंतीकडे बाजू करून, म्हणजे कुणी त्या अंगाने येऊ नये. काल एकाचा निरोप आला की गाय अडली आहे. ह्यांनी फोनवरून सगळं सांगितलं, हात कुठे घालायचा, पाय कसा वळवायचा. वासरू गेलं. फोन ठेवून म्हणाले, आवाजावरून नाही समजत गं काही.

मला एकदाच विचारलं, दादा बोलले का नाहीत? मी म्हटलं, आदल्या दिवशीचा प्रवास, डोळा लागला असेल. तसंच झालं ना? तू तसंच कळव, मी वाचून दाखवीन.

तुझ्यावर राग नाही, खरंच नाही. लोभ होता तेवढाच राहू दे.
तुझी
धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद. डॉक्टरांना नमस्कार.

माझा डोळा लागला होता असं तू त्यांना सांगितलंस, ते परत घे. मी टक्क जागा होतो. इंजिन ऐकत होतो, इतकं सुरेख चाललं होतं की काय सांगू. दुसरं काहीच ऐकू आलं नाही. हे त्यांना वाचून दाखव. त्यांची चूक अर्धीच होती, आणि ती अर्धीसुद्धा माझ्या भरवशावर झाली.

तुमच्याकडून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी परत द्यायला गेलो तो तावातावानेच. म्हटलं, तुमची घंटी वेळेवर वाजत नाही, माणसं मरतील. त्या विकणाऱ्या मुलीने वाद घातला नाही. मला शेजारी बसवलं, काचा उतरवल्या, घंटीचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, गाडी बाहेर रस्त्यावर घेतली आणि म्हणाली, काका, आज डोळे उघडे ठेवा. आरशातला केशरी दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. फुटपाथवरची माणसं मान वळवून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, तर तिने एका हाताने कान झाकला होता.

गाडी घेऊ नका. जुनी पण चालवू नका. मी येऊन घेऊन जातो, म्हणजे माझी मुलगी येईल, ती चालवील. तुझ्या वहिनीने मला कानाच्या डॉक्टरांचा पत्ता आणून दिला आहे. जाड आवाज सगळे येतात, बारीक आवाजाची वरची पट्टी गेली आहे असं ते म्हणतील, असं तीच म्हणते. तिला म्हणे चार वर्षांपासून माहीत आहे. कुकरची शिट्टी माझ्या कानात शिरत नाही म्हणून ती मला उठून गॅस बंद करायला सांगायची. मला वाटायचं हुकूम सोडते.

तू पाणी ठेवलंस की गुणगुणतेस ना, ते मी शेवटचं नक्की कधी ऐकलं, आठवत बसलो आहे.

रोज थोडा वेळ डॉक्टरांच्या भिंत नसलेल्या अंगाला बसत जा. माया कमी झाली तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा
दादा

ता. क. घंटी कुणी दुरुस्त केली नव्हती. तिला काही झालंच नव्हतं.