वाहक म्हणजे हमाल नव्हे

३ जून
ठरलं म्हणे! मला न विचारता. व्यंकटरमणामामय्याशी — अम्माच्या धाकट्या भावाशी. "भाचीवर पहिला हक्क मामाचाच," इति अम्मम्मा, अम्माची आई. हक्क! मी काय बसमधली रुमाल टाकून धरलेली जागा आहे?
नवरदेव पंपांच्या दुकानात बसतात. काम काय, तर स्कूटरच्या आरशात मिशी विंचरणं.

६ जून
सकाळी न्याहारीला उग्गाणी-भजी चालू असताना सगळ्यांची शिकवणी घेतली. कॉलेजातली माझी अकरावीची पोरं परवडली! जनुक म्हणजे आईबापांकडून उतरणारा वारसा. अप्रभावी जनुक एकाकडूनच आलं तर गप्प बसतं, दोघांकडून आलं की दोष उघडा पडतो. जवळच्या नात्यात ही भीती जास्त. आणि वाहक म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष पुढे देऊ शकणारा माणूस.
"वाहक म्हणजे हमाल ना?" — अम्मम्मा.
नान्ना खो खो हसले. धन्य ते वडील!
"मग मावशीचा चिन्ना बहिरा का जन्मला? मावशीनं तिच्या मामाशीच लग्न केलं ना?"
"ग्रहणात सुरी धरली होती तिनं."
सुरी! इतकी वर्षं सुरीवर भागवलं यांनी.

९ जून
मामय्याला दुकानात गाठलं. बंगळूरला जाऊन दोघांचं रक्त तपासू म्हटलं.
"मी नकोय, एवढंच सांग की. त्यासाठी सुई कशाला?"
वर मिशीला पीळ. मठ्ठ!

१० जून
तपासणीचं नाव काढलं की अम्मा पदराला हात पुसत आत जाते. एकजात घाबरट घराणं.

१३ जून
जेवताना जाहीर केलं — तपासणी नाही तर मंडप नाही. अम्मम्मानं ताट सरकवलं. उद्या बोलते म्हणाली. बोल म्हणावं! ग्रहण झालं, आता काय काढतेय बघू.

१४ जून
"तो माझ्या पोटचा नाही. अनंतपूरच्या दवाखान्यात कुणी टाकून गेलं होतं, मी उचलून आणला. मिटलं ना तुझं जनुक-बिनुक? आता मुहूर्त काढते."
अम्माची मान खाली. मामय्या दारात चपला काढत होता. एक पायात तशीच राहिली. त्यानं अम्मम्माकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मग मी कोण गं?"
"मामय्या," मी म्हटलं. "माझा मामय्या."